चला, कानसेन होऊ या!



चैत्र आला की आपल्या तासगावात दोन वास एकदम दरवळायला लागतात. एक शेडवर वाळणाऱ्या बेदाण्याचा आणि दुसरा परीक्षेच्या कोऱ्या कागदाचा! पहिला हवाहवासा, दुसरा नकोनकोसा. पण आठवड्याचे दिवस कितीही अभ्यासाचे असले, तरी शनिवार-रविवार मधे येतोच ना? या खेपेला तो आपण कानांसाठी राखून ठेवू या. घरी बसून काय ऐकायचं, घराबाहेर पडून कुठं ऐकायचं आणि मुख्य म्हणजे कसं ऐकायचं, ते सांगायला आजचं हे पान.

तानसेन सगळ्यांनाच होता येत नाही. पण कानसेन व्हायला गळा लागत नाही, पेटी लागत नाही, क्लासची फीसुद्धा लागत नाही. लागतात फक्त दोन कान आणि थोडा धीर.

इंडी? कुठलं इंडी?

तुमच्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या दादाच्या किंवा ताईच्या तोंडी अलीकडं एक शब्द असतो. "मी फक्त इंडी ऐकतो." हे ऐकून आजोबा म्हणतील, "इंडी? ते तर विजापूरकडं. लिंबांचं गाव!" आजोबांचं बरोबरच आहे. जतच्या पलीकडं कर्नाटकात इंडी नावाचं गाव आहे खरं. पण दादाचं इंडी ते नव्हे.

दादाचं इंडी म्हणजे 'इंडिपेंडंट' या इंग्रजी शब्दाचं लाडाचं नाव. इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र. सिनेमातलं गाणं कसं तयार होतं? निर्माता पैसे घालतो, कथेत प्रसंग असतो, त्या प्रसंगाला हवं तसं गाणं कवी लिहितो, संगीतकार चाल लावतो आणि शेवटी गाण्यावर हक्क बहुतेक वेळा कंपनीचा राहतो. स्वतंत्र गाण्यात हे काही नसतं. चार मित्र एकत्र जमतात, मनातलं लिहितात, आपणच चाल लावतात, आपणच गातात आणि आपल्याच नावावर लोकांपुढं ठेवतात. पूर्वी त्यासाठी मोठा स्टुडिओ लागायचा. आता एक संगणक, एक बरा माईक आणि शांत खोली एवढ्यावर भागतं.

स्वातंत्र्याची किंमत मात्र असतेच. गाणं पडलं तर सावरायला कंपनी नाही. चाललं तरी पैसे सहज येत नाहीत. मोबाईलवर एखादं गाणं तुम्ही एकदा वाजवलंत, तर गाणाऱ्याच्या वाट्याला रुपयाचाही छोटासा तुकडाच येतो. मग हे लोक जगतात कशावर? तुमच्या-आमच्यावर! कुणीतरी उठून गाणं ऐकायला जातं, तिकीट काढतं, म्हणून त्यांची चूल पेटते.

तुम्हांला वाटेल, हे सगळं मुंबई-पुण्याचं नवं फॅड. छे, छे! त्याचं एक मूळ आपल्या घराशेजारीच आहे.

पलूसचा गवई

आजचा पलूस तालुका पूर्वी आपल्या तासगाव तालुक्यातच होता. त्या पलूस गावावरून ज्यांना आडनाव मिळालं, ते पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी दत्तजयंतीच्या दिवशी फटाका तोंडावर उडाला आणि त्यांची दृष्टी अधू झाली. पुस्तकातला अभ्यास अवघड झाला, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला ठेवलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच बुवा.

मिरजेच्या राजेसाहेबांची विष्णूवर मर्जी होती. राहायला जागा, शिकायला गुरू, सगळं ठीक चाललं होतं. मग बिघडलं कुठं? त्यांच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात. गावात एक समारंभ होता. राजाच्या मर्जीतला म्हणून विष्णूला आमंत्रण आलं, पण त्याच्या गुरूंना आलं नाही. चौकशी केली तर कळलं, की गवयाला कशाला बोलवायचं, अशी लोकांची समजूत! तरुण विष्णूच्या मनाला ते फार लागलं. गाणं ऐकायला सगळ्यांना हवं, पण गाणाऱ्याला मान नको?

1896 साली, चोवीस वर्षांचा असताना त्यानं मिरज सोडली. राजाचा आश्रय सोडून तो गावोगाव फिरला. पुढं सौराष्ट्रात त्यानं तिकीट लावून गाणं केलं. त्या काळी ही मोठीच धिटाई होती, बरं का! शास्त्रीय गाणं म्हणजे राजवाड्यात नाहीतर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. ज्याला बोलावणं आलं त्यानंच ऐकायचं. तिकीट लावल्याबरोबर काय झालं? ज्याच्या खिशात थोडे पैसे तो कुणीही, शिक्षक, दुकानदार, कारकून, समोर बसून गाणं ऐकू लागला. आणि गवई कुणा एकाचा नोकर राहिला नाही.

5 मे 1901 रोजी पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तेही लोकांनी दिलेल्या वर्गणीच्या जोरावर. आज ठिकठिकाणी मुलं गाण्याच्या परीक्षा देतात, त्या वाटेची सुरुवात तिथली. 1931 साली त्यांचा शेवटही मिरजेतच झाला.

आता सांगा, आपल्या भागातला पहिला 'इंडी' गवई कोण?

घरी ऐकण्यासाठी चार गाणी

शनिवारी सकाळचा अभ्यास झाला की ही गाणी ऐका. एकट्यानं कानात बोंडं घालून नव्हे हं! आईबाबांना शेजारी बसवून, मोठ्यानं, पण शेजारचे भांडायला येणार नाहीत इतपत.

*एक. 'द वारली रिव्हॉल्ट'.* मुंबईच्या 'स्वदेसी' नावाच्या गटानं 2019 साली आणलेलं गाणं. नाव इंग्रजी आहे म्हणून बिचकू नका. मुंबईतल्या आरेच्या जंगलात वारली लोकांचे पाडे आहेत. तिथले प्रकाश भोईर या गाण्यात आहेत. आपलं जंगल, आपली जमीन हातची जाते आहे, हे दुःख ज्याचं त्यानंच सांगितलं आहे. रॅप म्हणजे नुसतं भराभर बोलणं, असं ज्या बाबांना वाटतं त्यांना हे आधी ऐकवा.

*दोन. 'तांबडी चामडी'.* क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं 2024 सालचं गाणं. ठेका परदेशी नाचगाण्याचा आणि शब्द अस्सल मराठी. नेदरलँड्समधल्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं ते जगभर नेलं. मराठी न कळणारी माणसंसुद्धा त्यावर नाचली. गंमत ऐका: शब्दांतल्या अक्षरांचा ताल आणि ढोलाचा ताल कुठं कुठं एकमेकांवर बरोब्बर पडतात, ते बोटांनी मोजा. आपली बडबडगीतंही असाच खेळ खेळतात.

*तीन. 'गुलाबी साडी'.* हे तर तुमचं पाठच असेल. तेही 2024 सालचं. पण हे कुठल्या सिनेमातलं, असं विचारलं तर? कुठल्याच नाही! जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडनं ते स्वतः लिहिलं, चाल लावली आणि गायलं. लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडं पोचलेलं गाणं खेड्यातून आलेला एक मुलगा करू शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

*चार. 'अभंग रिपोस्ट'.* हे गाण्याचं नव्हे, मुंबईच्या बँडचं नाव. ही मुलं संतांचे अभंग गिटारच्या साथीनं गातात. आजीला ऐकवा. ती एकतर म्हणेल, "हे काय भलतंच!" नाहीतर डोळे मिटून टाळी धरेल. दोन्हींपैकी काय होतं ते पाहायला मजा येईल.

यातलं एखादं नाही आवडलं तर? नाही आवडलं! पण "बोअर आहे" एवढंच म्हणून सोडू नका. काय आवडलं नाही? शब्द, चाल, आवाज की ठेका? ते सांगता आलं की समजा, कानसेनाची पहिली इयत्ता पास.

शनिवार दुपार : मिरज

तासगावहून एसटीनं सांगली, तिथून मिरज. फार लांब नाही. मिरजेत उतरलात की सतारमेकर गल्ली विचारा. कुणीही दाखवील.

इथं सतारी आणि तंबोरे बनतात. कधीपासून? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. फरीदसाहेब शिकलगार यांचं घराणं आधी हत्यारांना धार लावायचं. संस्थानांच्या फौजा कमी झाल्या, तलवारींचं काम थंडावलं. तेव्हा त्याच कुशल हातांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि मग नवीच घडवायला सुरुवात केली. तलवारीची धार लावणारे हात तारांना सूर लावू लागले! 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. म्हणजे 'मिरजेचा तंबोरा' हे नाव आता दुसऱ्या कुणी उगाच लावून विकायचं नाही.

दुकानात टांगलेले ते मोठाले भोपळे पाहा. ते खायचे नव्हेत. मंगळवेढ्याकडून येतात. वाळले की हलके आणि टणक होतात आणि आतली पोकळी आवाज मोठा करते. मग कारागिराला विनंती करा, "काका, जवारी म्हणजे काय ते दाखवाल का?"

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. छेडलेली तार त्या माथ्याला निसटती शिवत राहते, म्हणून आवाज 'टण्ण' असा तुटत नाही. मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखा लांबतो, भरतो. तारेखाली सुताचा बारीकसा धागा सरकवून ती जागा नेमकी साधतात. धागा केसभर हलला की सूर मिटतो, पुन्हा केसभर हलला की उमलतो. हे काम मोजपट्टीनं होत नाही, कानानंच होतं. म्हणजे हे वाद्य घडवणारासुद्धा आधी कानसेनच!

पण हे शिकायला वर्षं लागतात. सतार कधीतरी विकली जाते आणि पोटाला रोज लागतं. त्यामुळं कारागिराच्या घरातला तुमच्याच वयाचा मुलगा हे काम पुढं चालवील की नाही, हा प्रश्नच असतो. तंबोरा विकत घ्यायला आपल्याला जमणार नाही. पण तास-दीड तास थांबून, मनापासून दोन प्रश्न विचारणं जमेल की नाही? कुणी आवडीनं पाहतं आहे, हे त्या मुलालाही दिसू द्या. एक मात्र ध्यानात ठेवा: विचारल्याशिवाय वाद्याला हात लावायचा नाही.

परतताना ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात जा. तिथं अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे. ते मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराण्याचे, पण मिरजेचेच होऊन राहिले. 1937 साली ते गेले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मोठमोठे कलावंत मानधन न घेता तिथं हजेरी लावतात आणि ऐकायला सगळ्यांना दार उघडं असतं. उरुसाची तारीख चांद्रवर्षावर ठरते, म्हणून ती दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. पुढच्या उरुसाचे दिवस तिथंच विचारून वहीत टिपून ठेवा.

याच खाँसाहेबांची एक रेकॉर्ड कर्नाटकातल्या गदगला एका अकरा वर्षांच्या मुलानं दुकानात ऐकली आणि 1933 साली गाणं शिकण्यासाठी तो घर सोडून निघाला. पुढं खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्याला गुरू म्हणून लाभले. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी! (तुम्ही घर सोडायचं नाही हं. तुमच्यासाठी एसटी आहे आणि संध्याकाळी परत यायचं आहे.) पण गोष्टीतलं मर्म ध्यानात आलं का? रेकॉर्डनं त्या मुलाला वाट दाखवली. गाणं मात्र माणसासमोर बसल्यावरच मिळालं.

रविवार : आपल्याच गावात

चैत्र म्हणजे जत्रांचा महिना. तुमच्या किंवा मामाच्या गावची जत्रा याच दिवसांत असेल. नसली तर रामनवमीचं कीर्तन, हनुमान जयंतीचं भजन, कुठं तरी काही ना काही असतंच. गावच्या चावडीवरचा फळा वाचा. दादाच्या मोबाईलवर नसलेल्या मैफली तिथं सापडतात!

कवठेमहांकाळकडं जाणार असाल तर आरेवाडीचा बिरोबा आहेच. धनगरी ढोल आणि ओव्या ऐका. एकजण ओवी उचलतो, बाकीचे झेलतात. कागदावर काही नसतं, सगळं डोक्यात. हलगी, घुमकं आणि कैताळ हे त्रिकूट कुठं भेटलं तर थांबा. हलगी बोलते, घुमकं हुंकार देतं आणि कैताळ दोघांना धरून ठेवतं. यातलं एक बंद पडलं तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

सांगलीला जाताना आपण कवलापूरवरून जातो. हे गाव तमाशाचं. शिवा-संभा कवलापूरकरांचा फड इथला. पुढच्या पिढीत याच घरातली लहू आणि अंकुश खाडे ही जुळी भावंडं 'काळू-बाळू' या नावानं अख्ख्या महाराष्ट्राला हसवत राहिली. 'जहरी प्याला' या वगातले त्यांचे दोन हवालदार पाहायला लोक बैलगाड्या जोडून यायचे. दोघं दिसायला इतके सारखे, की कोणता काळू आणि कोणता बाळू, यावरच पैज लागायची. तंबूचा तमाशाही स्वतंत्रच, बरं का. डोक्यावर कंपनी नाही, सरकार नाही. गावानं सुपारी दिली नाहीतर लोकांनी तिकीट काढलं, तरच दुसऱ्या दिवशी फडातल्या सगळ्यांना भाकरी.

एक सूचना मात्र ऐका. जत्रेत डॉल्बीच्या भिंती उभ्या असतील तर त्यांच्या पुढ्यात उभं राहू नका. छातीत धडधडतंय म्हणजे आवाज फारच मोठा आहे. कानांच्या आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानसेनाचं भांडवलच कान!

ऐकणाऱ्याचं काम

गाणाऱ्यानं गायचं, आपण ऐकायचं. आपल्याला कसलं काम, असं वाटतं ना? पण ऐकणाऱ्यालाही तीन कामं असतात.

पहिलं, जागेवर जाऊन ऐकायचं आणि मधेच उठायचं नाही. भजनात पाच माणसं आणि ऐकायला दोनच असली, तर तुम्ही तिसरे व्हा. ते तिसरं माणूस आलं की पखवाजवाला जरा सरसावून बसतो. खोटं वाटत असेल तर जाऊन पाहा.

दुसरं, तिकीट असेल तर तिकीट काढायचं. ओळखीनं फुकट आत जायचं नाही. आईबाबांनो, हे जरा तुमच्यासाठी! वडापाव फुकट मागायला आपल्याला लाज वाटते, मग गाणं फुकट मागायला का वाटू नये?

आणि तिसरं, सगळ्यात सोपं: नाव विचारायचं. "काका, तुमचं नाव काय? हलगी कुणाकडं शिकलात?" सिनेमातल्या नटांची नावं आपल्याला घडाघडा येतात. पण आपल्या लग्नात, वरातीत, जत्रेत इतकी वर्षं वाजवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? "ए हलगीवाले!" शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गवयाला बोलावणं कशाला, असं मिरजेत म्हणणारी माणसं आणि नाव न विचारता ठेका वाजवून घेणारे आपण, यांत फरक तो किती? नाव विचारायला पैसे पडत नाहीत, पण मान देता येतो. पलुसकरांनी मिरज सोडली ती नेमकी या मानासाठीच.

करून पाहा

आता तुम्हीही स्वतंत्र कलाकार व्हा!

1. घरात कुणाला जात्यावरची ओवी, पाळणा किंवा भलरी येते का, ते विचारा. आजी "मला कुठं येतंय?" म्हणेल. सोडू नका!

2. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. आधी रिकाम्या खोलीत. मग त्याच खोलीत भिंतींना दोन गोधड्या टांगून, खाली वाकळ अंथरून. दोन्ही ऐका. दुसऱ्यात आवाज जवळचा, स्वच्छ येईल. कडक भिंतीवर आदळून आवाज परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. गोधडी तो पिऊन टाकते. मोठ्या स्टुडिओतही भिंतींना मऊ अस्तर असतं, ते याचसाठी.

3. रेकॉर्डच्या सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख तुमच्या आवाजात सांगा. दहा वर्षांनी त्या तीन शब्दांची किंमत कळेल.

4. वहीत एक पान करा. रकाने पाच: काय ऐकलं, कुठं ऐकलं, कोण वाजवत किंवा गात होतं, काय आवडलं, काय आवडलं नाही. शनिवार-रविवारच्या निदान चार नोंदी व्हायलाच हव्यात.

आईबाबांनो, अभ्यास बुडेल अशी काळजी करू नका. दोन तास गप्प बसून, लक्ष देऊन ऐकलेली गोष्ट लक्षात ठेवायची सवय लागली, तर ती इतिहासाच्या धड्यालाही उपयोगी पडेल. आणि मुलांना एकटं पाठवू नका, बरोबर जा. काळू-बाळूचे किस्से तुमच्याशिवाय त्यांना कोण सांगणार?

मग ठरलं तर! शनिवारी मिरज, रविवारी जत्रा, आणि परत आल्यावर वही. पुढच्या आठवड्यात आपण भेटू तेव्हा तुमच्या पानावर निदान एका वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहिलेलं असायला हवं. आडनावासकट, बरं का!